पणजोबा पाखलो, आजोबा मराठा पलटणीत: मुलाने फॉर्मवर काय लिहावं?

पत्र थोडक्यात, ओळख पटणार नाही अशा बेताने: डिचोली तालुक्यातल्या ४४ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. सासर फौजी. सासरे ८५ वर्षांचे, १९६१ च्या डिसेंबरात पहिल्या मराठा पलटणीबरोबर दमणला लढलेले. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत, एनडीएची (फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीच्या प्रवेशाची) तयारी करतोय. गेल्या पावसाळ्यानंतर माहेरची जुनी पेटी उन्हात घातली तेव्हा तळाशी एक फोटो सापडला: गणवेशातला तरुण, मागे शाईने '१९५९' आणि एक नाव, अर्धं ओलीने पुसलेलं. आईने (वय ६५) तेव्हा पहिल्यांदा सांगितलं की ते तिचे वडील, डिचोलीच्या ठाण्यावरचे पोर्तुगीज शिपाई. १९६१ नंतर ते परत गेले, तेव्हा ती वर्षाची होती. आजीने पुढे लग्न केलं नाही, मामाच्या घरात आई वाढली. ताईंचा भाऊ बारा वर्षांपूर्वी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला आहे. तो म्हणतो, भाचा अठराचा व्हायच्या आत त्याचीही पोर्तुगीज नागरिक म्हणून लिस्बनला नोंद करून टाक, कधी ना कधी कामाला येईल. ताई विचारतात: 'ज्यांच्याशी आजोबा लढले त्यांचंच रक्त माझ्या मुलात आहे. एसएसबीत (फौजेच्या अधिकारी निवडीत) हे कळलं तर? फॉर्मवर लिहायचं का? मुलाचे डोळे घारे आहेत, शाळेत एकदा कुणीतरी त्याला पाखलो (म्हणजे गोरा पोर्तुगीज) म्हटलं होतं, तेव्हा आम्ही हसलो होतो. आता हसू येत नाही. सासऱ्यांना कळलं तर त्यांना काय वाटेल? आणि भाऊ म्हणतो ते करून ठेवावं का?'

ताई,

सगळ्यात तातडीचा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत उरकला आहे. फोटोतल्या माणसाचं काय करायचं हे ठरवायला तुमच्यापुढे भरपूर वेळ आहे. लिस्बनच्या नोंदीवर मात्र एकदा सही झाली की मागे फिरणं फार अवघड. म्हणून आधी तेच बघू.

गोव्याच्या माणसाला पोर्तुगालचा हक्क कशावरून मिळतो, याबद्दल घरोघरी गैरसमज आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक म्हणून नोंदवून घेत आलं आहे, आणि त्या जन्माच्या आधारावर मुलं-नातवंडं अर्ज करतात. रक्त कुठेच विचारलं जात नाही. सात पिढ्यांत कुणी बोटीवरसुद्धा चढलं नाही अशा घरांतल्या माणसांनीही याच आधारावर पासपोर्ट काढले आहेत. तुमच्या भावाचा पासपोर्ट निघाला तो तुमची आई १९६० मध्ये डिचोलीत जन्मली म्हणून. तिचे वडील शेजारच्या वाड्यावरचे शेतकरी असते तरी तो असाच निघाला असता, आणि भावाने आज हाच आग्रह धरला असता. फोटो आणि पासपोर्ट या दोन गोष्टी एकाच वर्षात समोर आल्या म्हणून तुमच्या मनात त्यांची गाठ पडली आहे. ती आधी सोडवा.

आता भारताची बाजू. १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेशाने, २० डिसेंबर १९६१ च्या आधी जे इथे जन्मले, किंवा ज्यांचे आईवडील वा आजी-आजोबा इथे जन्मले, ते सगळे त्या दिवसापासून भारतीय नागरिक झाले. ज्यांना पोर्तुगीजच राहायचं होतं त्यांना एका महिन्याच्या आत तसं लिहून द्यायचं होतं. तुमच्या आईच्या वतीने असं कुणी लिहून दिलं नसेल, तर ती दीड वर्षाची व्हायच्या आतच भारतीय झाली. तुम्ही १९८१ च्या सुमारास भारतात जन्मलात. १ जुलै १९८७ पूर्वी इथे जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, त्याचे आईवडील कोण हे कायदा अशा वेळी बघतही नाही. तुमचा मुलगा भारतात जन्मला आणि त्याचे आईवडील दोघेही भारतीय. त्याच्या नागरिकत्वात आज तसूभरही खोट नाही.

खोट येईल ती पुढच्या सहीने. नागरिकत्व कायद्याचं नववं कलम म्हणतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. दोन्ही ठेवायची सोय आपल्याकडे नाही. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट हातात असणं हा नियमांनुसार निर्णायक पुरावा मानला जातो. 'पासपोर्ट नको, फक्त नोंद करून ठेवू, नोंदीने काय होतं?' हे वाक्य गोव्यात तुम्ही दहा जणांकडून ऐकाल. नुसत्या नोंदीने भारतीय नागरिकत्व जातं की नाही, यावर इथे अनेक वर्षं वाद चालू आहेत, आमदारांपर्यंतची प्रकरणं त्यात अडकली आहेत. पोर्तुगालच्या दृष्टीने मात्र ती नोंद म्हणजेच नागरिकत्व. ज्या मुलाला भारतीय फौजेत अधिकारी व्हायचं आहे, त्याचं नाव या वादात कशाला घालायचं? एनडीएची पहिली अटच नागरिकत्वाची आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड मिळतं, पण त्यावर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि फौजही नाही.

नोंदीची साखळी कशी चालते तेही समजून घ्या. साधारणपणे आधी १९६१ पूर्वी जन्मलेल्या माणसाची नोंद होते, मग त्याच्या मुलांची, मग त्यांच्या मुलांची. म्हणजे तुमच्या मुलापर्यंत जाणारी वाट तुमच्यावरूनच जाते. 'मी करत नाही, फक्त त्याची करते' असं सहसा होत नाही. आणि नोंद तुमची झाली तर मुलाच्या पडताळणी फॉर्मवर 'आईचं राष्ट्रीयत्व' या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न आजच्यापेक्षा कितीतरी कठीण होईल. मुलगा अल्पवयीन आहे तोवर तुम्हा दोघांच्या संमतीशिवाय त्याच्या नावाने कागद पुढे सरकवता येऊ नये. तेव्हा एजंटाने 'तयारीला म्हणून' मागितल्या तरी तुमच्या किंवा मुलाच्या जन्मदाखल्याच्या प्रती, आणि विशेषतः कोऱ्या कागदावरच्या सह्या, कुणाला देऊ नका.

याच साखळीतून एक गोष्ट निघते, जी तुमच्या पत्रात नाही. भावाचं काम झालं त्या अर्थी तुमच्या आईच्या जन्माची नोंद लिस्बनला बहुधा आधीच झालेली आहे. रजिस्ट्रारकडून काढलेला तिचा तेओर दाखला, म्हणजे मूळ पुस्तकातल्या पूर्ण मजकुराची नक्कल, तिकडे गेली असणार. तिने सही केली होती का? कशावर करतोय हे तिला समजलं होतं का? भावाकडून त्या सगळ्या कागदांच्या प्रती मागवून घ्या. आईने पोर्तुगीज ओळखपत्र किंवा पासपोर्ट काढला नसेल तर आता काढू नये. तिच्या स्थितीबद्दल नागरिकत्वाची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला एकदा कागद दाखवा. घाबरायचं कारण नाही. तुमचं आणि मुलाचं नागरिकत्व आईच्या नोंदीवर उभं नाही, हे वर सांगितलंच आहे.

भावाला मात्र गद्दार ठरवू नका. तुमच्या पत्रात तो शब्द नाही, पण त्याची सावली आहे. गोव्याची माणसं पिढ्यान् पिढ्या पोटासाठी मुंबईला, आफ्रिकेला, आखातात आणि बोटींवर जात आली आहेत. तोही तसाच गेला. फक्त तो गेला तेव्हाची परिस्थिती आज नाही, हे त्याला सांगा. पोर्तुगीज पासपोर्टवर थेट इंग्लंडमध्ये राहायला आणि काम करायला जाण्याची मोकळीक ३१ डिसेंबर २०२० ला संपली. भाच्यासाठी त्याला जी वाट दिसते ती आता युरोपीय संघातल्या देशांत जाते, इंग्लंडला नाही. एनडीए कठीण आहे, लेखी परीक्षा आणि एसएसबी या दोन्ही चाळण्यांतून फार थोडे पुढे जातात, हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण मुलगा अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः विचार करून युरोप निवडू शकतो. आज आईवडिलांनी त्याच्या वतीने निवडलं तर एनडीएचा दरवाजा मात्र कायमचा बंद होऊ शकतो. पोर्तुगालचे कायदे बदलत असतात, पुढे ही वाट अरुंद होईल, असं भाऊ म्हणेल. होऊ शकतं. तेवढी जोखीम आहे, आणि ती घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

ज्या वाचकांनी मुलांची नोंद आधीच केली आहे आणि मुलगा किंवा मुलगी आता फौजेत जायचं म्हणतेय, त्यांच्यासाठी दोन शब्द. लपवून फॉर्म भरू नका. पासपोर्ट निघाला आहे की नुसती नोंद आहे, एवढं आधी कागदावर निश्चित करा आणि वकिलाकडे जा. गेलेलं भारतीय नागरिकत्व परत मिळवता येतं, पण त्यासाठी अर्जाआधी सलग बारा महिने भारतात राहण्याची अट आहे, आणि वर कार्यालयांचा वेळ. एनडीएत साडेसोळा ते साडेएकोणीस एवढीच वयाची खिडकी असते. ती बहुधा निघून जाईल. पदवीनंतर सीडीएसचा, म्हणजे पदवीधरांसाठीच्या फौजी अधिकारी परीक्षेचा, मार्ग राहतो, त्याचा हिशेब धरून चाला.

आता फॉर्म. वंश विचारणारा रकाना कुठेही नाही. यूपीएससीचा अर्ज नागरिकत्व विचारतो. एसएसबीत पहिल्या दिवशी भरायचा पीआयक्यू, म्हणजे वैयक्तिक माहितीचा फॉर्म नाव, पत्ता, मातृभाषा, धर्म, आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न, भावंडं, मार्क, खेळ, एनसीसी, छंद असं सगळं विचारतो. पणजोबांबद्दल एक ओळ नाही. वैद्यकीय तपासणीत दृष्टी बघतात, डोळे कुठल्या रंगाचे ते नाही. निवड झाल्यावर पडताळणीसाठी जो फॉर्म येतो त्यात आईवडिलांचं राष्ट्रीयत्व आणि जन्मस्थळ असतं. तुमच्या दोघांच्या रकान्यात 'भारतीय' येईल, आणि ते शंभर टक्के खरं असेल. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांबद्दल कुठे विचारलं आणि त्यात मामा बसत असेल, तर मामाचं नाव, देश आणि त्याचं आजचं नागरिकत्व जसं आहे तसं लिहायचं. मामा परदेशी नागरिक आहे म्हणून मुलगा अपात्र ठरत नाही. लपवलेलं मात्र पोलिस पडताळणीत उघडं पडतं, आणि तिथे प्रश्न माहितीचा राहत नाही, खोटेपणाचा होतो. पडताळणी फॉर्मवर महत्त्वाची माहिती दडवल्याने काय होऊ शकतं यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतारसिंग खटल्यात तपशिलात लिहिलं आहे: उमेदवारी रद्द होण्यापासून नोकरी जाण्यापर्यंत.

प्रत्यक्षात गोव्यातल्या मुलांचे फॉर्म अडकतात ते नावांमुळे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव एका स्पेलिंगचं, जन्मदाखल्यावर दुसऱ्या, आधारवर आईचं माहेरचं नाव, वडिलांच्या डिस्चार्ज बुकात तिसरंच काही. यूपीएससी जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरते. मुलाचे सगळे कागद एका रविवारी टेबलावर पसरा आणि दहावीच्या प्रमाणपत्राशी एकेक ताडून बघा. नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये मुलाचं नाव आणि जन्मतारीख कशी नोंदली आहे तेही तपासा, पलटणीच्या कागदात जुन्या चुका राहून जातात. दुरुस्तीला महिने लागतात, आणि एसएसबीचं बोलावणं आल्यावर एवढा वेळ नसतो.

मुलाखतीत अधिकारी घराबद्दल विचारतातच. आजोबांबद्दलही विचारतील, कारण वडिलांची फौजेतली नोकरी त्या फॉर्मवर दिसते. पणजोबांचा विषय आपणहून काढायची गरज नाही, आणि निघाला तर टाळायचीही नाही. दोन साधी वाक्यं पुरतात: 'आईकडचे पणजोबा पोर्तुगीज सैन्यात होते, १९६१ नंतर परत गेले. आजोबा पहिल्या मराठामध्ये होते, दमणला.' बस. स्वतःबद्दल लिहायच्या चाचणीत मात्र त्याने याची कहाणी करू नये. तिथे मानसतज्ज्ञाला मुलगा हवा असतो, नाट्य नको असतं. आणि पीआयक्यू, लेखी उत्तरं, मुलाखत या तिन्हींत मेळ बसला नाही की तो लगेच दिसतो.

एवढ्याने तुमची भीती जाणार नाही हे कळतं. तुम्ही फॉर्मबद्दल विचारलं आहे, पण तुमच्या मनात सलतोय तो रक्ताचा प्रश्न.

आपल्या फौजेकडेच बघा. १६ डिसेंबर १९७१ च्या ढाक्यातल्या शरणागतीची बोलणी ज्यांनी केली ते जे. एफ. आर. जेकब कलकत्त्यात जन्मले, घराणं बगदादहून आलेल्या ज्यूंचं. तेच १९९८-९९ मध्ये गोव्याचे राज्यपाल होते. पोर्तुगीज गव्हर्नर जिथे राहायचे त्या काबोच्या राजभवनात तिरंग्याखाली राहिले. १९६५ च्या युद्धात सेबर विमानं पाडून वीरचक्र मिळवणारे ट्रेव्हर आणि डेन्झिल हे कीलर बंधू लखनौचे अँग्लो-इंडियन. त्यांच्या घराण्यात कुठलं रक्त किती, हे हवाई दलाने मोजलं नाही. नेपाळचे नागरिक तर पिढ्यान् पिढ्या आपल्या फौजेत भरती होत आले आणि अधिकारीही झाले. मराठा पलटणीत 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी गर्जना उठते तेव्हा ती देणाऱ्या प्रत्येकाचं कूळ आधी तपासलेलं नसतं, हे तुमचे यजमान तुम्हाला जास्त चांगलं सांगतील.

आणि आपला तालुका. भाषणात '४५१ वर्षांची गुलामी' म्हणतात ते जुन्या काबिजादींचं, म्हणजे आधी जिंकलेल्या तिसवाडी, बार्देश, साष्टीचं. डिचोली पोर्तुगिजांच्या हाती गेली ती १७८१ च्या सुमारास, त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली उभं करून दिलं, तेही याच तालुक्यात. ज्यांना आपण एकजात 'त्यांचे शिपाई' म्हणतो त्या पोर्तुगीज फौजेत मराठेही होते. १८९५ साली मोझांबिकला जायचा हुकूम आला तेव्हा हेच शिपाई उठले आणि सत्तरीच्या बंडखोर राणे घराण्याला जाऊन मिळाले. एकाच घरातला एक भाऊ त्या गणवेशात आणि दुसरा राणे घराण्याकडे, असं इथे घडलं नसेल असं म्हणवत नाही. शुद्ध म्हणून जे घराणं तुम्ही मनात धरून बसला आहात ते या मातीत शोधून सापडणं कठीण.

मुलाने उद्या डीएनए चाचणी करायची म्हटलं तर एवढं लक्षात असू द्या: एका पणजोबांचा वाटा सरासरी साडेबारा टक्के, म्हणजे रुपयातले दोन आणे. तेवढे दोन आणे त्याच्यात आहेत. नाहीत असं म्हणायचं कारण नाही.

'पाखलो' हा शब्द बोचतो, कारण त्यामागे खरं दुःख आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पोर्तुगीज पोलिसांची दहशत ज्यांनी पाहिली ती माणसं अजून हयात आहेत. ते दुःख कमी लेखायचं नाही. पण १९५९ साली डिचोलीच्या ठाण्यावर पाठवलेला एक तरुण शिपाई म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट नव्हे. १९६१ च्या डिसेंबरात सालाझारने लिस्बनहून जो आदेश धाडला त्याचा आशय असा होता की शरणागती नको, आपले सैनिक एकतर विजयी असतील नाहीतर मेलेले. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो मानला नाही, १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. त्यामुळे इथली गावं आणि माणसं वाचली. तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले आणि १९६२ च्या मे महिन्यात मायदेशी गेले. तिथे त्यांचं स्वागत झालं नाही, अपमान झाला. गव्हर्नरांना तर सैन्यातून काढून टाकलं, १९७४ मध्ये राजवट कोसळल्यावरच त्यांना मान परत मिळाला. तुमच्या आईचे वडील त्या कैद्यांतले एक असणार. ते का परतले नाहीत, याचं उत्तर 'सोडून गेले' एवढंच नसेल. १९७४ च्या अखेरीपर्यंत दोन देशांत राजनैतिक संबंधच नव्हते, पत्र पाठवणंही सोपं नव्हतं.

की आजीवर जबरदस्ती झाली होती? की तिचं प्रेम होतं? तुम्ही पत्रात दोन्हींपैकी एक गृहीत धरलेलं दिसत नाही, ते बरं केलंत. हे फक्त आईला, तेही आजीने सांगितलं असेल तेवढंच, माहीत असणार. आजीने तो फोटो साठ वर्षं पेटीच्या तळाशी ठेवला, जाळला नाही. यावरून निष्कर्ष काढू नका, पण आईला विचारताना हे लक्षात ठेवा.

म्हणूनच सांगायचा क्रम आईपासून सुरू होतो. ही गोष्ट आधी तिची आहे. पासष्ट वर्षं तिने ती सांभाळली, गावातली कुजबुज एकटीने ऐकली. कुणाला सांगायचं, किती सांगायचं, हे तिच्याशी बोलून ठरवा. ती नको म्हणाली तर सासऱ्यांना सांगायची कसलीही सक्ती नाही, कायद्याची नाही आणि नात्याचीही नाही. ती हो म्हणाली तर आधी यजमानांना सांगा, बसून, नीट. मग मुलाला. अठरा व्हायच्या आधी सांगितलेलं बरं. त्याला घरच्यांकडून कळलं तर ती माहिती असते, इंग्लंडहून मामाच्या फोनवरून कळलं तर धक्का असतो. त्याला फोटो हातात द्या, प्रश्न विचारू द्या आणि उत्तर माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणा. शाळेत त्याला पाखलो म्हटलं तेव्हा तुम्ही हसला होता, ते त्याच्या लक्षात असेल. तो विषय तुम्हीच काढा.

सासरे शेवटी. १९ डिसेंबरच्या आसपास नको. त्या दिवशी ते पदकं लावून झेंड्याला जात असतील, तो दिवस त्यांचा राहू द्या. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नको, आणि मुलाच्या तोंडूनही नको. यजमानांनी सांगावं, तुम्ही शेजारी असावं. सकाळच्या चहानंतर, औषधं घेऊन झाल्यावर, घरात पाहुणे नसताना. सुरुवात फोटोने करण्यापेक्षा दमणने करा. १८ डिसेंबरला पहाटे हल्ला सुरू झाला आणि १९ ला दमणच्या पोर्तुगिजांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर त्या माणसांचं काय केलंत, त्यांना जेवण कुणी दिलं, त्यांच्यात कुणी तुमच्या वयाचं होतं का, हे त्यांना विचारा. लढलेला माणूस समोरच्या शिपायाबद्दल सहसा द्वेषाने बोलत नाही. तो द्वेष बहुतेक वेळा न लढलेल्यांकडे असतो. ते बोलून झाले की यजमानांनी एका वाक्यात सांगावं. त्यांनी काही न बोलता उठून जावं, असंही होईल. मागे जाऊ नका. आठ-पंधरा दिवस ते गप्प राहिले तरी विषय उकरू नका. नातवाची तयारी जशी चालली आहे तशी चालू द्या, पहाटेचं धावणं त्यांच्याच नजरेखाली होऊ द्या.

त्या शिपायाचा शोध घ्यायचा असेल तर घाई नाही. पूर्ण नाव आणि जन्मवर्ष असल्याशिवाय लिस्बनच्या लष्करी अभिलेखागाराला विचारून उपयोग होत नाही. इथे आधी आईच्या जन्मनोंदीचा तेओर बघा. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला वडिलांनी स्वतः कबूल केलं नसेल तर त्यांचं नाव सहसा नसतं, पण समासात कधी कधी शेरा असतो. आईचा बाप्तिस्मा झाला होता का, हे आजी कुणाशी बोलली असेल तर विचारा, चर्चच्या पुस्तकात वेगळी नोंद मिळू शकते. शोध लागलाच तर तिकडे त्यांचं दुसरं कुटुंब असू शकतं, त्यांना कदाचित काहीच माहीत नसेल. पहिलं पत्र छोटं असू द्या, आणि त्यात काही मागू नका.

आणि तो फोटो. अर्धं नाव ओलीने आधीच गेलं आहे, उरलेलं येत्या पावसाळ्यात जाईल. लॅमिनेशन करू नका, फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू नका, सरळ करायला इस्त्री फिरवू नका. स्वच्छ कोरड्या हातांनी कडेने धरा. दोन्ही बाजू सहाशे डीपीआयवर रंगीत स्कॅन करा, मागची बाजू विशेष जपून: पुसट शाई स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर पुष्कळदा वाचता येते, आणि तिथेच तुम्हाला आडनाव मिळण्याची शक्यता जास्त आहे. मग आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि जूनच्या आधी पुड्या बदला. पाकिटावर मऊ पेन्सिलीने, फोटो आत घालायच्या आधी, लिहा: कुणाचे वडील, कुठलं ठाणं, वर्ष १९५९. नावाची जागा तूर्त कोरी ठेवा. बाकीचं आईला तिच्या हाताने लिहू द्या.